आप्पांच्या गाडीला पहिलं भोक

या, जरा पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नव्हे. तुम्हाला वैजयंती चौगुलेची कथा सांगतो. कोल्हापुरात उद्यमनगरात तिचं गॅरेज आहे. वडील गेल्यावर एका दुपारी ते तिला कसे भेटले, कसे बोलले, आणि जाताना काय ठेवून गेले, ते सगळं सांगतो. माझ्या बोलण्यात मधेच कीर्तन शिरलं तर सांभाळून घ्या, त्यावाचून मला गोष्ट येतच नाही.

तर शुक्रवारची दुपार आहे. गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं. मधोमध तिच्या वडिलांची, आप्पांची, लाल गाडी उभी आहे, जुनी विलायती, दोन माणसांपुरती, बुटकी आणि लांबनाकी. आप्पांनी ती भंगारातून उचलून आणली, पत्रा पत्रा जोडून उभी केली, आणि हयातभर कुणाला तिला साधा ड्रिल लावू दिला नाही. आता ती वैजूला रविवारी ट्रॅकवर पळवायची आहे. गालिचे निघाले, मागची काच निघाली, शेजारची सीट निघाली. राहिलाय तो लोखंडी नळ्यांचा पिंजरा. गाडी उलटली तर आतल्या माणसाला धरून ठेवणारा. तो बसल्याशिवाय ट्रॅकवर कुणी घेणार नाही, आणि तो बसवायचा तर आप्पांच्या पत्र्याला भोकं पाडायला हवीत.

वेल्डर मुल्लाणीमामा सकाळीच सांगून गेलेत. "जुम्म्याची नमाज पढून येतो. तोवर पिंजऱ्याचे पाय कुठं टेकवायचे, खडूनं खुणा करून ठेव."

वैजू खडू घेऊन बसली आहे. खूण एकही झालेली नाही. हात पत्र्यापर्यंत जातो नि मागं येतो. आप्पांना काय वाटेल? आणि समजा खूण केली, तर चालकाच्या पायाजवळ, गंज लागू नये म्हणून फासलेल्या डांबराच्या थराखाली, पत्रा धड आहे की कुजलेला? कुजलेल्या पत्र्यावर पिंजरा उभा केला, तर उलटल्यावर त्याचा पाय खाली घुसेल, आणि मग पिंजरा असून नसल्यासारखा. काढून ठेवलेल्या सीटवर ती मागं रेलते. झुणका-भाकरी अंगावर आलेली. कुठंतरी लेथ फिरतोय, त्याची घरघर लांब जाते, मग जवळ येते, मग लांबच राहते.

शटरखालून आप्पा वाकून आत येतात.

अंगावर कीर्तनाला जायचा पोशाख, पांढराशुभ्र सदरा, काळी टोपी. पायांत मात्र गॅरेजातल्या तेलकट चपला.

"जेवलीस काय?"

"व्हय, मघाशीच." मग तिला आठवतं. "आप्पा, तुम्ही गेलायसा."

"गेलोय म्हणून येऊ नये, असं कुठं हाय?" ते गाडीभोवती फिरतात. "गालिचा काढलास?"

"काढला."

"बरं केलंस. त्याखाली उंदीर झाले होते. वजन किती उतरलं?"

"एका जाडजूड माणसाएवढं."

"म्हणजे आपले सरनाईकबुवा उतरले म्हण की गाडीतनं!"

आप्पा खदखदून हसतात. सरनाईकबुवा म्हणजे रामाच्या देवळातले कीर्तनकार. आप्पा जन्मभर त्यांच्या मागं तबल्याला बसले. दिवसा इंजिन, संध्याकाळी तबला. नाव निघालं आणि बुवांचा आवाज ऐकू यायला लागला. वैजू वळून बघते तर शटर पूर्ण वर गेलंय, आणि पलीकडं रस्ता नाही, रामाचा सभामंडप आहे. लोक टायरांवर मांड्या घालून बसलेत. समया तेवतायत. बुवा जिथं उभे राहतात तिथंच, त्यांच्या शेजारी, लाल गाडी उभी आहे. याचं कुणालाच नवल वाटत नाही.

बुवांचा पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला अर्धा भाग, संपतो. त्यांच्या गळ्यात हार पडतो. बुक्क्याचं तबक फिरायला लागतं, ज्याच्या त्याच्या कपाळाला काळा ठिपका. सभामंडपात नवखी माणसं असतात, त्यांना वाटतं, हार झाला, बुक्का झाला, म्हणजे झालं कीर्तन. ती चपला शोधायला लागतात. आज त्यांच्यात वैजूही आहे. ती उठून दाराकडं निघालीय.

"ए वैजू! कुठं निघालीस?" तबल्यामागून आप्पा ओरडतात.

"संपलं की."

"संपलं? बुक्का लावला की उठायचं, हे कधीपासनं शिकलीस? माझ्या मांडीला टेकून वाढलेली पोर तू! आत्ताशी निरूपण झालंय. आख्यान पुढंच हाय."

"मला पुढचं नको. तुम्ही ठेवली तशीच ठेवतो आम्ही गाडी. पुसून, झाकून."

"मग बुवांनी रोज पूर्वरंगच सांगायचा? ऐकणारे घोरायला लागतील, गं."

टायरांवरची मंडळी हसतात. बुवासुद्धा उपरण्याआड हसतात. वैजूला राग येतो, रडूही येतं.

"तुम्ही कुणाला एक भोक पाडू दिलं न्हाईसा हिला!"

"कारण मला ती रंकाळ्यावर चक्कर मारायला पाहिजे होती. तुला कशाला पाहिजे?"

"पळवायला."

"मग पळणाऱ्या गाडीसारखी कर."

"आणि उलटली तर?"

आप्पांचा हात तबल्यावर थांबतो.

"उलटली तर पिंजऱ्यानं तुला धरलं पाहिजे. पत्रा काय, मी भंगारातनं आणलाय. दुसरी वैजू कुठल्या भंगारातनं आणू?"

सभामंडप पुढं सरकायला लागतो. समया मागं जातात, खांब मागं जातात, खालच्या फरशीचा डांबरी ट्रॅक झालाय आणि वैजूच्या हातात स्टिअरिंग आहे. गाडी पळतेय. अशी हलकी, अशी मोकळी ती कधीच पळालेली नाही. वळण येतं आणि हाताला आधीच कळतं. शेजारी सीट नाही. तिथं उघड्या पत्र्यावर आप्पा मांडी घालून बसलेत, पुढ्यात बुक्क्याचं तबक आणि हातात तबला लावायची छोटी हातोडी. तबल्याच्या कडेला ठोकून सूर बघतात तसे ते खालचा पत्रा ठोकत वैजूच्या पायांकडं सरकतायत.

थप. थप.

"हिथला आवाज मेला. आत गंज हाय. हिथं पाय टेकवू नको."

"पिंजऱ्याच्या नकाशात तर पाय तिथंच दाखवलाय."

"नकाशा करणाऱ्यानं आपली गाडी ऐकलीय काय?" थप. थप. टण! आप्पांचा चेहरा उजळतो, समेवर आल्यासारखा. "ऐकलंस? ह्येला म्हणायचं पत्रा!"

बोट तबकात बुडवून ते तिथं ठिपका लावतात, देवाच्या माणसाला लावावा तसा, हलक्या हातानं.

"मुल्लाणीला सांग, खालनं जाड पट्टी दे आणि मग टाका मार. जुना पत्रा हाय, दमानं तापव म्हणावं."

"रविवारी याल काय?"

"बसू कुठं? सीट तर काढून टाकलीस!"

ती हसते. पुढं सरळ रस्ता दिसतोय, लांबच लांब, उन्हानं भरलेला.

"थांबव जरा. मी हिथं उतरतो."

"पुढं न्हाई येत?"

"माझी साथ हिथवर. बुवा वाट बघत असतील. तू जा, आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नको."

शटर खडखडतं.

"वैजूबाई! झोपलीस काय?" मुल्लाणीमामा आत येतात, टोपी खिशात घालत. "खुणा झाल्या?"

वैजू ताडकन उठते. गाडीत वाकून बघतात मामाच आधी. "ह्ये काय लावलंस? खडू दिला होता की मी."

चालकाच्या पायाजवळ, नकाशातल्या जागेपासून वीतभर अलीकडं, पत्र्यावर एक काळा ठिपका आहे. मामा बोटानं टिपतात, नाकाशी नेतात. "वास बघ. देवळातला हाय."

वैजू स्वतःची बोटं बघते. पांढरी, खडूनं माखलेली. काळं काहीच नाही. ती हातोडी उचलते. नकाशातली जागा ठोकते. थप. ठिपक्याशेजारी ठोकते. टण!

मामा तिच्याकडं बघतात, मग पत्र्याकडं. ड्रिल उचलतात.

"हिथं, मामा. खालनं जाड पट्टी द्या. दमानं तापवा."

"पाडू भोक? बघ हां, पाडलं की पाडलं."

"पाडा."

ड्रिल सुरू होतो. चमकदार लोखंडाचा किस गोल गोल वर येतो, आणि वैजू हात मागं न घेता टॉर्च धरून उभी राहते.

ऐकलंत, एवढं पुष्कळ झालं. आता माझं एक मागणं आहे. रविवारी सकाळी तुम्ही देवापुढं हात जोडाल तेव्हा वैजूची काळजी करू नका, तिला पिंजऱ्यानं धरलंय. नाव घ्यायचं तर तिच्या बापाचं घ्या. आप्पा चौगुले, तबल्याचे. एवढी आठवण ठेवा.