साळवेची सही

लिफ्टच्या खड्ड्यात चपलेपासून कवळीपर्यंत सगळं साचतं. किस्सेही तसेच. आमच्या नाशिक रोडच्या लिफ्ट दुरुस्तीच्या छोट्या कंपनीत निम्मे किस्से एकट्या शांतवन साळवेचे!

*

तो नवीन होता. एका सोसायटीच्या चेअरमननी, जुन्या दोराला 'ठीक' लिहा म्हणून, आम्हा तिघांना चांदीचं एकेक नाणं दिलं. साळवेनं परत केलं. फुकटचं परत करणारा माणूस! मला तेव्हाच वास आला. हा मालकाचा हेर!

शिवाय खिशात काहीतरी काळं, चौकोनी. रेकॉर्डरच! आमचा जाधव महिनाभर त्या खिशाकडे तोंड करून बोलायचा, "आपले मालक म्हणजे देवमाणूस हो!"

एक दिवस साळवेनं ते बाहेर काढलं. बायबलचा बोटभर जाडीचा नवा करार. "जाधवभाऊ, वाचायचाय का? सारखे बघत असता म्हणून विचारलं."

*

दर महिन्याला लिफ्ट तपासून आतल्या सर्व्हिस कार्डावर सही करायची असते. आमची पद्धत सोपी. कार्डं टपरीवर आणायची, चहा गार व्हायच्या आत बारा लिफ्ट ठणठणीत!

साळवे मात्र प्रत्येक गच्चीवर चढून मशीनरूम उघडणार. मी म्हटलं, "अरे, बघतंय कोण?"

त्यानं वर बोट दाखवलं.

"वर पाण्याची टाकी आहे!" मी म्हटलं.

*

रविवारी सकाळी तो कामाला यायचा नाही. उपासना म्हणे! मालकांना संशय, हा बाहेरची कामं करतो. त्यांनी मला पाळतीवर पाठवलं.

मी चर्चमध्ये मागच्या बाकावर लपून बसलो. पाळकांनी "आज नवीन पाहुणे आलेत" म्हणून मलाच उभं केलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग चहा, केक, तीन गाणी.

सोमवारी रिपोर्ट दिला, "मालक, होता तिथंच. पण एका रविवारानं खात्री होत नाही."

*

मग सातमजली नव्या इमारतीचं काम आलं. साळवेनं लिफ्ट तपासली आणि कार्ड कोरंच आणलं. "ब्रेक नीट धरत नाही. बदलल्याशिवाय सही नाही."

बिल्डर मालकांचा दोस्त. मालक म्हणाले, "सही कर, नाहीतर घोटीच्या गोडाऊनला जा."

साळवेची मुलगी रूथ बारावीला, बायको आजारी. मला वाटलं, आता करतो! त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं आणि डबा उचलला.

दुसऱ्या दिवसापासून तो घोटीला. कार्डावर सही झाली. कुणी केली विचारू नका, अक्षर माझ्यासारखं होतं.

*

पुढच्याच महिन्यात मालकांनी त्याच इमारतीत, सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बिल्डरनं स्वस्तात दिला म्हणे. रविवारी सकाळी वास्तुशांत. आम्ही सगळे नटून खाली उभे. मालकांच्या आई, वय ऐंशी, काठी टेकत लिफ्टमध्ये शिरल्या. मागोमाग मालक. त्यांची नजर कार्डावर गेली. मग माझ्यावर.

"आई, बाहेर ये."

"का रे? बंद आहे का?"

"चालू आहे. तू बाहेर ये!"

खुर्ची मागवली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जाधव, मधे आजी. तिसऱ्या मजल्यावर मालकांनी धापा टाकत फोन लावला, स्पीकरवर.

"साळवे, कुठं आहेस? ताबडतोब ये! तो ब्रेक बदल आणि सही कर!"

पलीकडून पेटीचा सूर ऐकू येत होता.

"येतो साहेब. उपासना झाली की निघतो," साळवे हळूच म्हणाला. "तोवर आईंना जिन्यानंच न्या."