उशिरा बुजलेलं भोक

बाई, मी ऑपरेशनला निघाले त्या सकाळी फाट्यावर जीपवाल्याला दम देऊन तुम्ही मला पुढच्या सीटवर बसवलं. "माह्या जावेच्या दिलात भोक हाय, तिले मांगं कोंबू नको," हे साऱ्या फाट्याने ऐकलं. माझी पिशवीही तुम्हीच उचलली. तीस वर्षं एका घरात नांदलो, माझ्या डोक्यावरची घागर तुम्ही कधी उतरवली नव्हती. तुमची ती माया पाहून मला बरं वाटलं नाही. भीती वाटली.

त्याआधी तुमच्या लेखी मी अंगचोर होते. कापूस वेचताना प्रत्येकीला झाडांची एक ओळ, एक पात. बाकीच्या शेताच्या कडेला, धुऱ्याला पोचायच्या, तेव्हा मी निम्म्यात बसलेली असायची. मग तुम्ही पलीकडून माझ्या पातीला लागायच्या आणि हातासोबत तोंडही चालवायच्या. "जेवाले पुढं, कामाले मांगं. मायनं गादीवर वाढवलं काय तुले?"

"तुमचे हात देवानं लांब देले, माह्यावर कायले खेकसता?" मीही ऐकून घेत नव्हते.

दम लागायचा. पण साऱ्यांनाच लागत असेल, असं मला वाटायचं. मरेपर्यंत माझ्या आईलाही लागत होता.

पन्नाशीत पाय सुजले, तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी मशीनवर पाहून सांगितलं, भोक जन्मापासूनचं आहे. मुलगा नागपूरला कंपनीत, म्हणून तिकडे गेले. तिथल्या दवाखान्यात मांडीच्या शिरेतून नळी घालून हृदयात छत्रीसारखं झाकण बसवलं. छाती फाडली नाही. आठवड्यात मी मुलाच्या घराचा जिना चढले. वाटलं, झालं. दिवाळीनंतर वेचणीला घरी.

तिथल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मावशी, भोक बुजलं. पण पन्नास वर्षं हृदयाने जास्तीचं काम केलं, ते ताणलं गेलंय. लवकर बुजवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तपासायला येत राहा." म्हणून मी मुलाकडेच राहिले.

चौथ्या वर्षी ठोके बेताल झाले. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी आणि दर महिन्याला रक्ताची तपासणी. झाकण जागच्या जागी आहे. दर वर्षी मशीनवर दाखवतात. ते माझ्यापेक्षा जास्त टिकेल. मी बाजार करते, स्वयंपाक करते, उताणी झोपू शकते, जे आधी जमत नव्हतं. बरी आहे. ठणठणीत नाही. लोकांना हा फरक सांगता सांगता थकले.

मधल्या वर्षांत घरी आले, की तुम्ही खुर्ची टाकायच्या. शेतात आले तर 'तू' सोडून 'तुम्ही', "बसा, उन्हात कायले येता?" जमेल तेवढं काम करा असं डॉक्टर म्हणतात, हे मी सांगितलं. तुम्ही ऐकलं नाही. माझी पात तुमच्या सुनेला दिली.

तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. आजारी बाईला तीस वर्षं बोललो, हे तुम्हाला खातं. खाऊ देऊ नका. मलाच माहीत नव्हतं, तर तुम्हाला कुठून कळणार? आणि बोलता बोलता रोज माझी निम्मी पात तुम्ही काढली. ते न बोलता कुणी केलं नसतं, आणि बोलूनही दुसऱ्या कुणी केलं नाही.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "खोली झाडून ठेवली. राहाले कधी येता?" मी म्हटलं, दिवाळीनंतर. हे मी किती वर्षं म्हणत आहे. खरं सांगते, मी राहायला येणार नाही. इथे धडधड वाढली तर मुलगा वीस मिनिटांत दवाखान्यात नेतो. तिथे जीप माणसांनी भरल्याशिवाय फाट्यावरून हलत नाही. मला वाटेत मरायचं नाही. नागपूर आवडतं असं नाही. शेजारणीचं नाव मला अजून नीट माहीत नाही. घर विचारलं तर तोंडात गावाचंच नाव येतं, पण तिथे आता मला दोन दिवस पुरतात.

तेव्हा ती खोली अडवून ठेवू नका. यंदा तिच्यात कापूस भरा. मी आले तर तुमच्या खाटेजवळ अंथरूण टाकीन.