माझ्या आवाजात गेलेले उत्तर

रेडिओवर ऐकू येणाऱ्या प्रत्येक विचित्र आवाजाला कारण असते — हवामान, अँटेना, नाहीतर सैल झालेली एखादी तार — असे मी आजवर नवशिक्यांना सांगत आलो. भुताखेतांच्या गोष्टी मी कधी पुरत्या ऐकूनही घेतल्या नाहीत. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो...

मी मार्गासनी गावात राहतो आणि परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवतो. पावसाळ्यात मोबाईल बंद पडले की आम्ही काही हौशी मंडळी निरोप पोहोचवतो. काही वर्षांपूर्वी पासली गावाच्या वरच्या बाजूला एका वाडीजवळ डोंगराला भेग पडली. माझे मित्र सलीमभाई यांनी तालुक्याच्या आपत्ती कक्षाला तसे रेडिओवरून कळवले. तिथल्या साहेबांनी उत्तर दिले, "आपण अधिकृत नाही. नोंद घेता येत नाही." सलीमभाई स्वतःच माणसे हलवायला गेले. माणसे वाचली, सलीमभाई दरडीखाली गेले.

त्यानंतर साहेबांचे वागणे पालटले. त्यांनी कक्षात आमच्यासाठी टेबल दिले, स्वतः परीक्षा देऊन परवाना काढला, शिकायला माझ्या घरी येऊ लागले. "सर, माझं चुकलं," असे एकदा म्हणालेही. मी मान हलवून त्यांच्यापुढे चहा ठेवला. मनात मात्र एकच होते — एकदा या माणसाने हाका माराव्यात आणि कोणी दाद देऊ नये.

गेल्या पावसाळ्यात, भर दुपारी, त्यांनी हाक मारली.

पासलीच्या पुढे रस्ता खचून त्यांची जीप अडकली होती. हातातल्या छोट्या रेडिओ संचाचा आवाज फक्त माझ्या उंच अँटेनापर्यंत पोहोचत होता. "सर, आहात का? मारुतीच्या पायावर दगड आलाय. रक्त थांबत नाही!" मारुती म्हणजे त्यांचा ड्रायव्हर.

माझा हात माइककडे गेला... आणि थांबला. त्याच क्षणी संचातून उत्तर आले — "आपण अधिकृत नाही. नोंद घेता येत नाही."

आवाज माझा होता.

माइक हुकावरच होता. संदेश जात असताना लागणारा लाल दिवा विझलेला होता. माझे ओठ मिटलेले होते.

"सर, राग माझ्यावर काढा, पण नंतर!" साहेब ओरडले. ते हाका मारत राहिले आणि दर वेळी तेच उत्तर, तितक्याच शांतपणे. खोटे कशाला बोलू... मला ते ऐकायला गोड वाटत होते.

मग मारुतीचा आवाज आला. "सर, म्या काय केलंया वो तुमचं? सलीमभाईला उकरून काढाया म्याच व्हतो की पुढं..."

"पुरे!" मी मोठ्याने म्हणालो. तो आवाज थांबला.

मी माइक उचलला, ठिकाण विचारले, कक्षाला कळवले. मी कोण, अधिकृत की कसा, हे कोणी विचारले नाही. पथक लगेच निघाले. कक्षात बसलेल्या आमच्या सहकाऱ्याने तेवढे विचारले, "सर, मघापासून 'नोंद घेता येत नाही' असं कुणाला सांगत होता?"

पत्नी सारा वेळ दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "तुमी तोंड उघडलं न्हाई, म्या बघितलंय. पण बोलला तुमीच."

मारुती वाचला, पाय गेला. थोडे आधी आणले असते तर, असे डॉक्टर म्हणू लागले... पुढचे मला ऐकवले नाही.

साहेब नंतर घरी आले. चहा घेतला नाही. "सर, फिटलं का आता?"

"तो मी नव्हतो."

"मग कोण होतं?"

संच जाणकारांकडून तपासून घेतला. दोष सापडला नाही. कामासाठी साहेब अजूनही मला रेडिओवर हाक मारतात. मी उत्तर दिले की तिकडे क्षणभर शांतता असते. बोलतोय तो मीच का, हे ते पारखत असावेत.

इकडे मीही तेच पारखत असतो.