नापास झाल्याचे पेढे

“आपलं काय हो सर, आपन नुसतं बसायचं.”

असं म्हणून आप्पा दारापाशीच्या खुर्चीवर बसत. बसण्याआधी उपरण्यानं खुर्ची झटकत, समोरच्या कॉम्प्युटरला हात जोडत आणि मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पडद्याकडे बघत राहत. पडदा बंद असला तरी बघत. एसटीची वाट बघणाऱ्याला जशी घाई नसते, तशी त्यांना कधी घाई नसायची.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल बघा, ज्याला सगळं गाव हसतं आणि तोही गावाबरोबर हसतो. अशा माणसाकडे जरा निरखून बघावं. तो कुणाला आडोसा देऊन उभा आहे, ते त्याच्या मागं दिसतं.

नव्वदीतली मधली वर्षं होती. गेवराईत चौकाचौकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या, घराघरावर केबलच्या वायरी लोंबत होत्या, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता. कॉलेजानं संध्याकाळचा कोर्स काढला, सहा ते आठ. मी अंबाजोगाईहून नवीनच शिकून आलेला, म्हणून मास्तर झालो. खोलीत गालिचा, खिडक्यांना पडदे, चपला बाहेर, आणि प्रत्येक मशीनला झालर लावलेलं फडकं. नव्या सुनेलासुद्धा कुणी एवढं जपत नसेल. माझा स्वभाव तापट. ओल्या हातानं कुणी मशीनला हात लावला की मी खेकसलोच.

पहिल्याच महिन्यात आप्पा आले. बाजारगल्लीत त्यांचं दोरखंडाचं दुकान होतं. कासरे, दावी, सोल, सुतळी, गोणपाट. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग आणि अंगाला अंबाडीचा वास. मागं डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई उभी होती. तिच्याही कपाळावर विभूती होती, कुंकू नव्हतं.

“दोन पावत्या फाडा,” आप्पा म्हणाले.

“कुणाला शिकायचंय?”

“मला.”

“आणि यांना?”

“ती माझी सून. सोबतीला आलीय. मला सांजचं नीट दिसत न्हाई. आता सोबत यायचंच हाय तर बसल ती बी शेजारी. फुकट कावून बसवायचं? तिचीबी फी घ्या.”

“आप्पा, या वयात कॉम्प्युटर?”

“दुनिया तिकडं चालली सर. दोरीवाल्यानंच मागं ऱ्हायचं का?”

मी कपाळाला हात लावला आणि पावत्या फाडल्या.

खरं काय ते ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं. आप्पांचा एकुलता एक मुलगा चौसाळ्याच्या बाजाराला माल घेऊन गेला होता, तो परतताना हमरस्त्यावर जीप उलटून गेला. सून बारावी झालेली. तिला शिकायचं होतं, चार पैसे स्वतःचे मिळवायचे होते. पण घरात शब्द चालायचा आप्पांच्या थोरल्या भावाचा. सगळे त्यांना थोरलेच म्हणत. त्यांनी सांगून टाकलं होतं, विधवा सून दिवेलागणीला पोरांच्या घोळक्यात जाऊन बसणार नाही. आप्पा भावापुढं कधी बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी म्हणाले, “दादा, मला कॉम्प्युटर शिकायचाय.” आता म्हाताऱ्या सासऱ्याच्या सोबतीला जाणाऱ्या सुनेला कोण काय बोलणार?

तर सगळा खेळ एवढ्यावर उभा होता. गावानं आप्पांकडे बघत राहायचं, तिच्याकडे नाही. बाजारात कुणी तिच्याविषयी एक शब्द बोललं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तिचं शिकणं बंद झालं असतं.

आणि आप्पांनी गावाला दुसरीकडं बघूच दिलं नाही. संध्याकाळी दुकानातून निघाले की कॉम्प्युटरचं जाडजूड पुस्तक काखेत, नाव बाहेरच्या बाजूला. सून दोन पावलं मागं, पिशवी घेऊन. पानपट्टीवर हाक आलीच, “काय आप्पा, कुठवर आलं शिक्षन?”

“एबीशीडी चालू हाय. पन तिथं ती ओळीनं लावलेली न्हाई बे, सगळी इस्कटलेली. ज्यानं मशीन केली त्यालाबी येत नसल पाठ.”

पानपट्टी हसायची. तेवढ्यात सून कॉलेजच्या फाटकातून आत गेलेली असायची.

वर्गात त्यांचं एक बोट हवेत फिरत राही. अक्षर सापडलं की ते असं दाबून धरत की ओळभर तेच अक्षर धावत सुटे. “सर, हे थांबना.” मी दात खात जाऊन बोट उचलायचो.

सून माझ्याशी थेट बोलत नसे. तिच्या घरची रीत तशी होती. ती खालच्या मानेनं आप्पांना सांगे आणि आप्पा सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारत, “सर, मला एक शंका हाय. ह्या तक्त्यातली मधली ओळ पुसली की खालची बेरीज कावून... कावून काय गं माय?”

“चुकते,” ती पुटपुटायची.

“हां. कावून चुकती?”

शंका अशी असायची की मलाच रात्री पुस्तक उघडावं लागे. दुसऱ्या दिवशी उत्तर मी आप्पांकडे बघून द्यायचो. ते “असं व्हय” म्हणत मान डोलवायचे आणि शेजारी ती लिहून घ्यायची.

एकदा मात्र माझा पारा फारच चढला. सगळ्यांना एकेक फ्लॉपी दिली होती. सूनबाई आपलं काम साठवायला गेली तर मशीन ऐकेना. पुन्हा पुन्हा तेच, फ्लॉपीवर लिहिता येत नाही. पोरगी रडकुंडीला आली. मी फ्लॉपी काढून बघतो तर काय, कोपऱ्यातली बारीक खिडकी सरकवून उघडलेली आणि तिच्यात सुतळीचा धागा अडकलेला. ती खिडकी उघडी राहिली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही.

“हे कुणी केलं?”

“मी,” आप्पा म्हणाले. “दुकानात टांगली होती खिळ्याला. आमच्यात समदं टांगलेलंच असतं. खाली ठिवलं की उंदरं कुरतडत्यात.”

“आप्पा, ही फ्लॉपी आहे, कासरा नाही.”

“ते कळतंय सर. पन टांगायचं नव्हतं तर कंपनीनं भोक कावून दिलं?”

मी ओरडायला तोंड उघडलं आणि शेजारून फिस्सकन आवाज आला. सूनबाई हसत होती. पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत हसत होती. वर्गात यायला लागल्यापासून तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. आप्पा माझ्याकडे बघेनात, तिच्याकडेच बघत राहिले. पुढच्या आठवड्यात फ्लॉपी पुन्हा सुतळी ओवून आली. चूक होती की मुद्दाम, मी विचारलं नाही. धागा काढला, खिडकी सरकवली आणि फ्लॉपी तिच्यापुढं ठेवली.

लाईट तर रोजच जायची. अंधार पडला, पोरं-पोरी एका खोलीत, की आप्पांच्या खिशातून बॅटरी निघे. ती छताकडे तोंड करून टेबलावर उभी करत आणि मोठ्यानं सुरू होत, “सांगा बरं, बैलाचा कासरा आन् म्हशीचं दावं, जास्त पीळ कशाला?” पोरं भांडायला लागत, हसत, गलका होई. मी म्हणायचो, “आप्पा, जरा हळू.”

“न्हाई सर. अंधारात मानसानं मोठ्यानंच बोलावं. रस्त्यावर ऐकू गेलं पायजे.”

समोरच पानपट्टी होती. तिथल्या लोकांना सबंध अंधारभर आप्पांचा आवाज ऐकू येत असे. अंधारात आत काय चाललं होतं, असं विचारायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती.

आणि एका संध्याकाळी थोरले स्वतःच दारात उभे राहिले. हातात काठी, चपला पायातच. त्यांना चपला काढा म्हणायची माझी छाती झाली नाही. सूनबाईचे हात मशीनवर होते. ती झटक्यानं उठली आणि भिंतीला टेकली.

“दाखव बे, काय शिकलास,” थोरले म्हणाले.

आप्पा तिच्या खुर्चीवर सरकले. पडद्यावर तिनं केलेला तक्ता होता, ओळी कशा नीटनेटक्या. थोरल्यांनी काठीनं पडदा दाखवला. “हे तू केलंस?”

“मग कुनी?”

“कर परत.”

सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. आप्पांनी बोट वर केलं, बराच वेळ हवेत फिरवलं आणि खाली दाबून धरलं. त्या सुरेख तक्त्यावर एकच अक्षर धावत सुटलं. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. आप्पा बोट उचलेनात. वर हसून म्हणाले, “दादा, बघ कसं पळतंय.”

थोरले बघत राहिले. “येडं झालंय हे,” म्हणाले आणि गेले. काठीचा आवाज फाटकाबाहेर जाईपर्यंत आप्पा तसेच बसून होते. मग उठले आणि उपरण्यानं खुर्ची झटकली. “बस माय. तुझं लई नासलं, परत कर.” त्या दिवशी मी कुणावरही खेकसलो नाही.

परीक्षा झाली. सूनबाई पहिल्या वर्गात आली आणि आप्पा साफ नापास. दुसऱ्या दिवशी बघतो तर आप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानादुकानात फिरतायत.

“कशाचे हो आप्पा?”

“नापास झालो.”

सगळी बाजारगल्ली पोट धरून हसली. नापास झाल्याचे पेढे गेवराईनं पहिल्यांदाच खाल्ले असतील. आप्पा म्हणत, “ह्या वयात नापास व्हायलाबी नशीब लागतंय, घ्या.” पुडा घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मी विचारलं, “आप्पा, खरं सांगा, कशाचे?”

त्यांनी पेढा माझ्या हातावर ठेवला. “तिच्या नावानं वाटले असते तर गावानं खाल्ले असते सर, पन इधवेला कसला आलाय आनंद, म्हनले असते. आता समद्यांनी हसत खाल्ले. तोंड तर गोड झालं का न्हाई?”

मी पेढा तोंडात टाकला आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला.

मग बीडला एका खाजगी दवाखान्यात तिला कॉम्प्युटरवर बसायची नोकरी चालून आली. राहायला तिथं तिची मावशी होती. थोरले भडकले. तेव्हा आप्पा भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, जन्मात पहिल्यांदा भावाला बोलले. तेही आवाज न चढवता.

“दादा, मी तर नापास झालो. पास झालो असतो तर मीच गेलो असतो. आता तिचं शिक्षन म्हंजे पैशे भरून आनलेला माल हाय. घरात ठिवून कुजवायचा, का इकायला काढायचा?”

थोरले हाडाचे व्यापारी. कुजणाऱ्या मालाचा हिशेब त्यांना कळत होता. सून बीडला गेली.

ती गेल्यावरही आप्पा काही दिवस वर्गाला आले. कोर्स संपलेला, तरी आले. खुर्ची झटकली, हात जोडले, बसले. “घरी करमत न्हाई सर. आपलं काय, नुसतं बसायचं.” शेजारच्या खुर्चीवर आता दुसरंच कुणी असायचं. आठ वाजता सगळे निघून जात, आप्पा बसलेलेच. पहिल्यांदा मला कळेना. मग आठवलं. रोज आठ वाजता सूनबाई मशीन बंद करायची, झालरीचं फडकं घालायची आणि म्हणायची, “आप्पा, उठा. झालं.” त्याशिवाय ते उठत नसत.

मी फडकं घातलं आणि म्हणालो, “आप्पा, उठा. झालं.”

ते उठले. बॅटरी लावून एकटेच गेले. त्यांना संध्याकाळचं चांगलं दिसत होतं.

आप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. निरोप आला तेव्हा मी तास सोडून धावलो. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत, बसवतात, आणि बसलेलाच मातीत देतात. मला ते माहीत होतं, पण पाहिलं नव्हतं. दुकानापुढं फुलांनी सजवलेल्या खुर्चीत आप्पा बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, डाव्या तळहातावर लिंग, उजवा हात गुडघ्यावर. मला वाटलं, आता म्हणतील, आपलं काय हो सर. मी तिथंच रडलो. मास्तर माणूस, बाजाराच्या मधोमध रडलो.

सगळे बीडच्या गाडीची वाट बघत थांबले होते. सूनबाई एकटीच उतरली, खांद्याला ऑफिसची पर्स. लोकांनी वाट करून दिली. थोरलेही काठी टेकत बाजूला झाले. ती आप्पांच्या पुढ्यात बसली, पायांवर डोकं ठेवलं. मग पदरानं त्यांच्या खुर्चीवर पडलेली धूळ झटकली.

“आप्पा, उठू नका आता,” ती म्हणाली. “बसा निवांत. मी जाते एकटी.”