हूं म्हणणारी

धानोऱ्याच्या लाकूड डेपोतले एक कारकून दर बाजाराच्या दिवशी आमच्या गडचिरोलीच्या वाचनालयात येत. मी नोंदवही उघडायच्या आत विचारत, "बाई, चंद्रावरची नवी गोष्ट आली का?" मराठी मासिकं, हिंदी अंक, जत्रेतल्या तंबूतला सिनेमा, सिरोंच्याच्या गाडीवानाने सांगितलेली तेलुगू कथा, सगळ्यांची टिपणं त्यांच्या वहीत होती. "इंग्रजीवरून घेतलेल्या गोष्टीतला मानूस चंद्रावर लढाले जाते. तेलुगूतला आईले इचारून जाते," असं ते गंभीरपणे सांगत.

प्रत्येक गोष्ट ते अंथरुणाला खिळलेल्या बायकोला वाचून दाखवत. ऐकणाऱ्याने "हूं" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. ती कुठे हसली, कुठे घाबरली, तेही वहीत लिहिलेलं असे.

एकदा त्यांनी मंगळावरचं पुस्तक परत केलं. आत अर्ध्यावर मोहाच्या पानाची खूण होती.

"अर्धंच झालं? मुदत वाढवून देते."

"नको, बाई. बायको सोमवारी गेली."

मी पुस्तक त्यांच्याकडे परत सरकवलं. "शेवट तरी वाचून घ्या," मी म्हटलं.

"हूं म्हनाले कोन हाये आता?"

मी पुस्तक जमा करून घेतलं. खूण मात्र काढली नाही.