मागचा नांगर

आमचे हे नौदलाच्या बोटीवर नांगर सांभाळतात. पुढचा नव्हे, मागचा. बोट सैनिकांना उतरवायला किनाऱ्याकडे निघाली की तो खोल पाण्यातच टाकायचा, तार सोडत जायचं आणि माणसं उतरली की तीच तार गुंडाळत बोट वाळूतून मागे ओढून काढायची. त्यामुळे सगळी बोट किनाऱ्याकडे बघते आणि यांचं तोंड समुद्राकडे.

त्याच बोटीचं पुढचं दार माझ्या धाकट्या भावाकडे. दार धाडकन वाळूवर पडतं, सैनिक धावत सुटतात आणि फोटोत हा असतोच. जेवायला आला की सगळं रंगवून सांगतो, वर म्हणतो, "दाजींना विचारू नका, त्यांनी नुसतं पाणी पाहिलंय." आम्ही हसायचो. हे ताट सारून उठायचे. मग भांडी घासताना मला ऐकावं लागायचं, "दार उघडण्यात कसली आलीये मर्दुमकी? स्वतःच्या घराला कुलूप लावायचं विसरतो तो!" हेव्याने नुसते जळायचे.

शेवटी कप्तानाच्या मागे लागून यांनी एका खेपेपुरती भावाशी जागा बदलून घेतली. आजवरच्या खेपा सरावाच्या, नेमकी तीच खऱ्या लढाईची निघाली. दोन देश हक्क सांगतात त्या बेटावर उतरायचं होतं आणि पलीकडून तोफा चालू होत्या. माझा जीव टांगणीला, आणि स्वारी खुशीत! मी निरोपाला घराच्या दारात उभी होते, तिकडे लक्षही नाही. तसे निघताना ते कधीच वळून बघत नाहीत.

भावाने घाबरून नांगर उशिरा टाकला, किनाऱ्याच्या अगदी जवळ. नांगर तळाला पकड घेईना. ओहोटी लागलेली, बोट वाळूत बसली असती तर सगळे आयतेच तोफेच्या तोंडी. यांनी दार पाडलं आणि ओरडतच मागे धावले. रबरी होडीतून नांगर खोल पाण्यात नेऊन टाकला. बोट निघाली. दोघंही धडधाकट घरी आले.

परवा भाऊच हे सगळं कौतुकाने सांगत होता. मी यांना विचारलं, "मग, एकदाचा पाहिलात ना किनारा? कसा होता?"

"पाहिला कुठे? दार पडलं तेव्हा मी मागे वळून नांगर बघत होतो."

भाऊ पोट धरून हसला. मी नाही हसले. इतकी वर्षं हे निघाले की मी दारात उभी राहते आहे. त्या लोखंडाच्या धुडाचा मला असा हेवा वाटला, की हातातलं भांडं आपटून मी आत निघून गेले.