पांगुळगाड्याला बांधलेली घुंगुरमाळ

नातू धरून उभा राहायला लागला तसा मी माळ्यावरचा पांगुळगाडा खाली काढायला लावला. तीन चाकांचा, बाभळीचा, धरायला वर आडवी दांडी. माझा मुलगा याच गाड्यावर चालायला शिकला. तेव्हा घर मातीचं होतं, जमीन शेणानं सारवलेली. गाडा निघाला की चाकं अशी खडखडायची की गल्लीच्या टोकाला म्हशीची धार काढणारा माझा दीर तिथूनच ओरडायचा, "वाट सोडा, सायेब निघालं."

आता कसबा बावड्यात मुलानं स्लॅबचं घर बांधलंय आणि आत आरशासारखी फरशी आहे. नातवानं दांडी धरली, गाडा एकटाच पुढं पळाला आणि पोरगं तोंडावर आपटलं. ओठ फुटला. सून काही बोलली नाही, बर्फ आणायला गेली. न बोलणाऱ्या सुनेचा मला राग येतो. बोलली असती तर उत्तर देता आलं असतं.

नवऱ्यानं सायकलची जुनी ट्यूब कापून तिन्ही चाकांवर चढवली. गाडा घसरायचा थांबला, पण मुका झाला. नातू थोडी पावलं टाकायचा, चाकांकडं वाकून बघायचा, काही वाजत नाही म्हटल्यावर बूड टेकायचा. मी तोंडानं खडखड करून बघितलं. तो माझ्या तोंडाकडं बघत बसला, गाडा तिथंच.

अशात इचलकरंजीहून विहीण आली. तिच्या घराला लागून यंत्रमागाची शेड आहे, दिवसभर खटाखट चालू. त्या घरातली माणसं जन्मात कधी हळू बोललेली नाहीत. शेजारी बसून मीठ मागितलं तरी चौथ्या घरात कळतं. तिनं पिशवीतून लाल-पिवळी प्लास्टिकची गाडी काढली. लांब दांडी, पुढं काचेसारखा आरपार दिसणारा गोळा आणि त्यात रंगीत गोट्या. ढकलली की गोट्या फुटाण्यासारख्या उडतात आणि कडकडकड आवाज होतो.

नातवानं दांडी धरली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, न पडता. वळून हसला, तोही तिच्याकडं बघून.

"बघा की विहीणबाई," ती म्हणाली, "कसं पळतंय पोरगं."

"पळंल की. माझं डोकं उठलं त्या आवाजानं."

"ह्या आवाजानं? आमच्याकडं ह्याला शांतता म्हन्त्यात."

सगळे हसले. नवराही हसला. त्या दिवशी सगळ्यांचा चहा मी केला, तू घेतलास का असं मला कोणी विचारलं नाही.

ती गेली, गाडी राहिली. मला आवाजाचा त्रास नव्हता. पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या घरात मी मुलं निजवली आहेत. नातू झोपेतून उठला की आधी त्या गाडीकडं जायचा आणि मग माझ्याकडं, हा माझा त्रास होता. हे कुणाला सांगायचं? म्हणून मी कपाळाला बाम चोळून बसायचे. सून गुपचूप गाडी कपाटावर ठेवायची. पोरगं कपाटाखाली उभं राहून रडायचं. मी पांगुळगाडा पुढं करायचे, तो लाथाडायचा.

सून बँकेत आहे. तिची रजा संपत आली होती. नातू दिवसभर माझ्याजवळ राहणार हे मी धरूनच चालले होते. एका संध्याकाळी मी आमटी फोडणीला टाकत होते आणि बाहेर ती माझ्या मुलाला सांगत होती, "मम्मीकडंच ठेवूया त्याला. शनिवार-रविवार आणत जाऊ. आईंना आवाज सोसत न्हाय, रोज बाम लावत्यात. दिवसभर कसं सांभाळतील?"

"व्हय," मुलगा म्हणाला. "तिचं बी वय झालंय."

कढईत मोहरी करपली. सून माझ्या काळजीनंच बोलत होती, आणि भांडायला मला जागाच नव्हती. बामाची बाटली मी मागच्या गटारीत टाकली.

आमची बैलजोडी मुलगा कॉलेजात असतानाच विकली. तिच्या घुंगुरमाळा मात्र देवघराशेजारी खुंटीला आहेत. बेंदराला, बैलांच्या सणाला, मातीच्या बैलांपुढं ठेवते, एरवी कोणाला हात लावू देत नाही. दुसऱ्या दिवशी त्यातली एक काढली आणि पांगुळगाड्याच्या दांडीला सुतळीनं आवळून बांधली.

नवरा म्हणाला, "अगं, बैलाची माळ ती."

"बैल कुटं हाय आता? पोरगं तर हाय."

"आनि तुझं डोकं?"

"माझं डोकं बरं हाय. तुमी गप बसा."

नातवानं गाडा ढकलला. समोरच्या घरातली बाई दारात आली, कोणाचे बैल आले बघायला. पोरगं थांबलं, माळेला बोट लावलं, परत ढकललं. सून खोलीतून बाहेर आली.

"आई, तुम्हाला त्रास हुईल की."

"मला कसला त्रास? ती प्लास्टिकची पन काढ खाली. दोन्ही वाजू देत."

तिनं गाडी खाली काढली. त्याच संध्याकाळी इचलकरंजीला फोन गेला की नातू इथंच राहणार.

आमच्याकडं लेकरू आपल्या पायानं उंबरा ओलांडून गेलं की उंबऱ्यावर नारळ फोडतात आणि खोबरं-साखर गल्लीत वाटतात. तो उंबरा त्यानं पांगुळगाडा घेऊनच ओलांडावा असं माझ्या मनात होतं. रोज सून कामावर गेली की मी गाड्याचं तोंड दाराकडं करून ठेवायचे. नारळ आणून ठेवला होता. नातू घुंगरं वाजवत दारापर्यंत जायचा, चाक अडलं की गाडा सोडून रांगत माघारी यायचा.

एक दिवस मी कुकर बंद करायला आत गेले. कडकडकड झालं, मग धप्प. बाहेर येऊन बघते तर प्लास्टिकची गाडी उंबऱ्यावरून उडून पायरीवर पडलेली, आणि तिच्या मागं नातू उंबऱ्याच्या पलीकडं उभा. कशालाही न धरता.

नारळ फोडला. विहिणीला फोन केला, तो करावाच लागतो.

"कुटल्या गाडीनं गेला?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"आपल्या पायानं," मी म्हटलं.

तेवढ्यात पोरानं ती गाडी धरून पायरीवर आपटायला सुरुवात केली. तिकडं तिचे माग चालू होते, मला ऐकू येत होते. तरी तिला कळलं. चालत्या शेडमधला एक माग बंद पडला तर झोपेतून उठणारी बाई ती.

"कळलं, कळलं," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली. "खोबरं ठेवा मला. ऐतवारी येतो."

ठेवलं. नारळाच्या दोन वाट्यांतली लहान तिची.